खात्यातील परका वावर

श्री स्वामी समर्थ १८५६ मध्ये अक्कलकोटात आले आणि १८७८ मध्ये समाधिस्थ होईपर्यंत तेथेच राहिले. त्यांच्या वास्तव्यामुळे सोलापूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरचे, कर्नाटकाच्या सीमेलगतचे हे संस्थानी गाव तीर्थक्षेत्र झाले, आणि या तीर्थक्षेत्राचा बराचसा व्यवहार आज मोबाइलच्या पडद्यावरून चालतो. भक्तनिवासातील खोलीची चौकशी, लॉजचे आगाऊ पैसे, प्रसाद आणि फुलांच्या दुकानांवर लावलेले क्यूआर कोड, गाणगापूर किंवा तुळजापूरला जाणाऱ्या गाडीचे ठरवलेले भाडे, या प्रत्येक व्यवहारामागे कोणाचे ना कोणाचे ऑनलाइन खाते असते. तालुक्यातील शेतकऱ्याचे तर एकाच मोबाइल क्रमांकावर बँक, महाडीबीटी, पीएम किसान, पीक विमा आणि ई-पीक पाहणी असे सारे काही जोडलेले असते. अशा खात्यात परक्या व्यक्तीने प्रवेश केला आहे, अशी शंका ज्या घडीला येते, त्या घडीपासून पुढील काही तासांत खातेधारक काय करतो आणि कोणत्या क्रमाने करतो, यावर नुकसान किती होणार, पैसे परत मिळणार की नाही आणि कायदा कोणाच्या बाजूने उभा राहणार, हे फार मोठ्या प्रमाणात ठरते. ‘पासवर्ड बदलला म्हणजे झाले’ ही सर्वत्र रुजलेली समजूत या बाबतीत अपुरी, आणि पुष्कळदा घातक ठरते.

ती अपुरी का, हे समजण्यासाठी खात्याची रचना पाहावी लागते. खात्यात प्रवेश करताना पासवर्ड किंवा ओटीपी, म्हणजे एकदाच वापरता येणारा सांकेतिक क्रमांक, मागितला जातो. परंतु एकदा तो बरोबर दिला की सेवा देणाऱ्या कंपनीचा संगणक त्या फोनला किंवा ब्राउझरला एक गुप्त खूण देऊन ठेवतो आणि त्या खुणेच्या बळावर ते उपकरण पुढे कित्येक दिवस, काही वेळा कित्येक महिने, पुन्हा काहीही न विचारता आत राहू शकते. या चालू राहिलेल्या प्रवेशाला सत्र म्हणतात. शिवाय प्रत्येक खात्याला पासवर्ड विसरल्यास उपयोगी पडणारी वेगळी वाट ठेवलेली असते, जिला पुनर्प्राप्तीचा मोबाइल क्रमांक किंवा पुनर्प्राप्तीचा ई-मेल असे म्हणतात. आणि खातेधारकाने कधीतरी परवानगी दिलेली इतर अ‍ॅपही त्या खात्याला जोडलेली असतात. आत शिरलेला इसम अनुभवी असेल, तर तो सर्वप्रथम या बाजूच्या वाटा आपल्या ताब्यात घेतो. त्यानंतर नुसता पासवर्ड बदलणे म्हणजे वाड्याच्या दिंडी दरवाजाचे कुलूप नवे करून परसदाराची कडी उघडीच ठेवण्यासारखे आहे.

खात्यांची एक उतरंडही असते. सर्वात खाली मोबाइल क्रमांक, त्यावर ई-मेल, आणि त्या दोहोंच्या आधारावर बाकीची सारी खाती उभी असतात, कारण फेसबुकचा, खरेदीच्या अ‍ॅपचा किंवा शासकीय संकेतस्थळाचा पासवर्ड विसरला की नवा पासवर्ड ठरवण्याची वाट याच दोन ठिकाणी येते. ग्रामीण भागात मात्र ई-मेलकडे सर्वात कमी लक्ष दिले जाते. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी किंवा एखाद्या दाखल्यासाठी आपले सरकार सेवा केंद्रात ई-मेल काढला जातो, त्याचा पासवर्ड केंद्रचालकाच्या वहीत राहतो, पुनर्प्राप्तीचा क्रमांक काही वेळा केंद्राचाच दिलेला असतो, आणि खातेधारकाला तो ई-मेल अस्तित्वात असल्याचे आठवतही नाही. त्याच ई-मेलवर पुढे अँड्रॉइड फोन सुरू केलेला असतो, त्यामुळे संपर्कातील क्रमांक, छायाचित्रे आणि फोनमध्ये साठवलेले पासवर्ड हे सारे त्या विस्मृतीत गेलेल्या खात्यात जमा होत राहते. येथे केंद्रचालकावर संशय घेण्याचे कारण नाही, कारण बहुतेक केंद्रचालक गावातील लोकांचे काम सचोटीने करतात. परंतु दुसऱ्याच्या वहीतला पासवर्ड हा आपला राहिलेला नसतो, एवढे मान्य करणे आवश्यक आहे.

शंका आल्यावर पहिला प्रश्न असतो तो नेमके काय घडले आहे याचा, कारण तीन निरनिराळ्या घटनांना बोलीत ‘खाते हॅक झाले’ असे एकच नाव दिले जाते. पहिल्या प्रकारात कोणीतरी खातेधारकाचे नाव आणि छायाचित्र वापरून वेगळेच बनावट खाते उघडतो आणि ओळखीच्यांकडे पैसे मागतो. येथे मूळ खाते सुरक्षित असते, पासवर्ड बदलून काही साधत नाही, आणि ते बनावट खाते बंद करण्यासाठी संबंधित कंपनीकडे स्वतः व परिचितांनी तक्रार करणे हाच उपाय असतो. दुसऱ्या प्रकारात खऱ्या खात्यातच परका प्रवेश झालेला असतो. महाराष्ट्रातील दोन ठळक घटना या प्रकारच्या आहेत: ११ ऑगस्ट २०२४ रोजी खासदार सुप्रिया सुळे यांनी आपला फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप हॅक झाल्याचे जाहीर केले, तर २१ सप्टेंबर २०२५ रोजी उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या एक्स खात्यावरून पाकिस्तान आणि तुर्कस्तानच्या ध्वजांची चित्रे प्रसृत झाली आणि त्यांच्या कार्यालयाने थोड्याच वेळात खाते पुन्हा ताब्यात घेतले. तिसरा प्रकार सर्वात गंभीर असून त्यात फोनमध्येच घातक अ‍ॅप शिरलेले असते. अशा वेळी त्याच फोनवरून बदललेला नवा पासवर्डही चोराच्या हाती जातो, म्हणून या प्रकाराची शंका असल्यास पुढील सर्व कामे दुसऱ्या, विश्वासू उपकरणावरून करावी लागतात.

सुळे यांच्या घटनेतील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांनी एक्सवरून, म्हणजे बाधित नसलेल्या दुसऱ्या माध्यमातून, आपल्याला फोन किंवा संदेश करू नये असे लोकांना तत्काळ कळवले आणि पोलिसांकडे धाव घेतली. व्हॉट्सअ‍ॅप ताब्यात घेणाऱ्याचा डाव बहुधा खातेधारकापेक्षा त्याच्या परिचितांवर असतो. ‘दवाखान्यात आहे, लगेच वीस हजार पाठव’ असा संदेश मावशीला किंवा मित्राला ओळखीच्याच क्रमांकावरून येतो आणि विश्वासाच्या नात्यामुळे पैसे निघून जातात. म्हणून परिचितांना कळवणे हे लाजेने मागे ठेवण्याचे काम नसून पहिल्या दहा मिनिटांतील काम आहे. अक्कलकोटसारख्या दुभाषी तालुक्यात, जिथे एकाच घरातील अर्धे नातेवाईक आळंद, इंडी किंवा कलबुर्गीकडे असतात, तिथे हा निरोप मराठीबरोबर कन्नडमध्येही, आणि लिहिण्यापेक्षा घरातील दुसऱ्या फोनवरून बोलून जाणे अधिक उपयोगी.

खुणांचे वाचन हा या विषयातील सर्वात नाजूक भाग आहे, कारण प्रत्येक खूण चोरीचीच असते असे नाही. न मागता आलेला ओटीपी हे याचे उत्तम उदाहरण होय. असा एखादा ओटीपी कोणीतरी आकडा चुकवून आपला क्रमांक टाकल्यामुळेही येऊ शकतो. परंतु ज्या सेवेत ओटीपी हा पासवर्ड दिल्यानंतरच मागितला जातो, तिथे तो येणे म्हणजे पासवर्ड कोणाच्या तरी हाती लागला असून दुसरा टप्पा अद्याप अभेद्य आहे, असा अर्थ होतो. एकामागून एक ओटीपी येऊ लागले आणि पाठोपाठ ‘चुकून तुमच्याकडे कोड आला, तेवढा सांगा’ असा फोन आला, तर शंकेला जागा उरत नाही.

प्रवेशाच्या ठिकाणाविषयीची सूचना तर हमखास गोंधळ घालते. अक्कलकोटात बसलेल्या माणसाच्या ई-मेल खात्यात ‘मुंबई’ किंवा ‘पुणे’ येथून प्रवेश झाल्याची नोंद दिसली म्हणजे चोर मुंबईतच आहे असे होत नाही. मोबाइल कंपन्या आपली इंटरनेट वाहतूक मोठ्या शहरांतील केंद्रांतून पुढे पाठवत असल्यामुळे खातेधारकाचा स्वतःचा फोनही त्या शहरात असल्यासारखा नोंदला जाऊ शकतो, आणि सीमाभागात तर दुसऱ्या राज्यातील शहराचे नावही दिसू शकते. म्हणून गावाच्या नावापेक्षा उपकरणाचे नाव आणि वेळ यांना अधिक महत्त्व द्यावे. घरात कोणाकडेही विंडोज संगणक नसताना पहाटे सव्वातीन वाजता विंडोजवरील क्रोम ब्राउझरमधून प्रवेश झाल्याची नोंद असेल, तर तिचा दुसरा अर्थ शोधत बसू नये. ही नोंद पाहण्यासाठी गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात आपल्या उपकरणांची यादी असते; शिवाय संगणकावर जीमेल उघडल्यास पानाच्या अगदी तळाशी उजवीकडे अलीकडील हालचालींचा तपशील देणारा बारीक अक्षरांतील दुवा असतो, ज्यात प्रत्येक प्रवेशाची वेळ, प्रकार आणि आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील त्या जोडणीचा क्रमांक, दिलेला असतो.

काही खुणा मात्र कमी गोंगाट करणाऱ्या आणि अधिक खात्रीच्या असतात. न पाठवलेले ई-मेल पाठवलेल्या पत्रांत दिसणे, बँकेची पत्रे येईनाशी होणे, न उघडलेले संदेश वाचलेले दिसणे, पुनर्प्राप्तीचा क्रमांक बदलल्याची सूचना येणे, या त्यांपैकी होत. बँकेची पत्रे अचानक थांबली असल्यास जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन फिल्टर, म्हणजे येणाऱ्या पत्रांची आपोआप विल्हेवाट लावणारे नियम, अवश्य पाहावेत. ‘बँक’ किंवा ‘ओटीपी’ असे शब्द असलेले प्रत्येक पत्र अनोळखी पत्त्यावर पुढे पाठवून इथून पुसून टाकावे, असा एका ओळीचा नियम तिथे लावून ठेवलेला आढळतो. तो लावणारा नंतर खात्यात फिरकला नाही तरी त्याचे काम चालूच राहते, आणि पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी हा नियम तसाच राहतो. फोनचे नेटवर्क शेजाऱ्यांकडे व्यवस्थित असताना आपल्याच फोनवरून तासन्‌तास गायब होणे हीदेखील अशीच गंभीर खूण आहे, कारण दुसऱ्या कोणी बनावट कागदपत्रांवर त्याच क्रमांकाचे नवे सिम घेतले असल्यास जुने सिम निकामी होते आणि सारे ओटीपी नव्या सिमकडे वळतात.

शंका बळावल्यावर कामांचा क्रम पैशापासून सुरू होतो. खात्यातून रक्कम गेली असेल किंवा जाण्याचा धोका असेल, तर बँकेला कळवून खाते, कार्ड आणि यूपीआय गोठवणे आणि १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार देणे, ही दोन कामे इतर कशाचीही वाट न पाहता करावीत. १९३० ची उपयुक्तता त्याच्या कार्यपद्धतीत आहे: तक्रारीतील व्यवहार क्रमांकावरून रक्कम ज्या बँकेत गेली तिला यंत्रणेमार्फत कळवले जाते आणि ती रक्कम तिथे शिल्लक असल्यास रोखून धरली जाते, रक्कम पुढे गेली असल्यास पुढच्या बँकेचा माग काढला जातो. चोर रक्कम भाड्याने घेतलेल्या खात्यांच्या साखळीतून काही मिनिटांत फिरवतात आणि शेवटी एटीएममधून काढून घेतात, म्हणून अर्ध्या तासाने केलेला फोन आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केलेला फोन यांच्या फळात जमीन-अस्मानाचे अंतर पडते. गूगलवर बँकेचा ‘कस्टमर केअर’ क्रमांक शोधून फोन लावण्याचा मोह मात्र टाळावा, कारण असे बनावट क्रमांक टाकून ठेवणे हा फसवणुकीचा जुना आणि अजूनही चालणारा प्रकार आहे; क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागील बाजूवरून घ्यावा.

त्यानंतर, आणि काहीही पुसण्यापूर्वी, पुरावा जपावा. घाबरलेला माणूस सर्वप्रथम लाजिरवाणे संदेश आणि अनोळखी उपकरणांच्या नोंदी काढून टाकतो, आणि त्याबरोबर तपासाचा धागाच तुटतो. अनोळखी उपकरणाची नोंद, तिची वेळ, आयपी पत्ता, आलेले संदेश, पैसे मागणाऱ्याचा क्रमांक, व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, यांचे स्क्रीनशॉट घेऊन ते बाधित खात्याबाहेर, घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या फोनवर ठेवावेत.

मग ई-मेलची पाळी येते. पासवर्ड नवा आणि इतरत्र कुठेही न वापरलेला असावा. एकच पासवर्ड सगळीकडे वापरण्याची सवय किती महाग पडते, हे नोव्हेंबर २०२० मध्ये बिगबास्केटच्या सुमारे २ कोटी ग्राहकांची माहिती फुटल्याचे उघड झाले तेव्हा दिसले, कारण अशा फुटीतून मिळालेल्या ई-मेल आणि पासवर्डच्या जोड्या चोर इतर शेकडो सेवांवर यंत्राच्या साहाय्याने लावून पाहतात. पासवर्ड बदलल्यावर गूगल बहुतेक उपकरणांना बाहेर काढते, परंतु पूर्वी ओळख पटवण्यासाठी वापरलेली उपकरणे आणि परवानगी दिलेली काही अ‍ॅप आतच राहू शकतात. म्हणून उपकरणांच्या यादीतील अनोळखी नावे एकेक करून बाहेर काढणे, पुनर्प्राप्तीचा क्रमांक व ई-मेल तपासणे, जोडलेल्या अ‍ॅपची परवानगी रद्द करणे आणि फिल्टर पुसणे ही कामे वेगळी करावीच लागतात. पुनर्प्राप्तीचा क्रमांक नुकताच बदलला गेला असेल, तरी गूगल सात दिवसांपर्यंत जुन्या क्रमांकावर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकते. ही तरतूद खऱ्या मालकाच्या हिताची असली, तरी तिचा लाभ त्या सात दिवसांतच घ्यावा लागतो. खाते परत मिळवण्याचा अर्जही नेहमीच्या फोनवरून, नेहमीच्या जागेवरून भरावा, असे गूगल सांगते. घाईघाईने सोलापूरला जाऊन परक्या संगणकावरून तो भरल्यास खरा मालकच यंत्राला संशयास्पद वाटू शकतो.

व्हॉट्सअ‍ॅपची रीत निराळी आहे, कारण तिथे मोबाइल क्रमांक हीच ओळख असते आणि चोर दोन वाटांनी शिरतो. एका वाटेत तो सहा अंकी नोंदणी कोड मिळवून संपूर्ण खाते आपल्या फोनवर नेतो, आणि खऱ्या मालकाचे व्हॉट्सअ‍ॅप बंद पडते; उपाय म्हणजे स्वतःच्या फोनवर तोच क्रमांक पुन्हा नोंदवणे, ज्यामुळे चोर आपोआप बाहेर पडतो. चोराने दरम्यान द्विस्तरीय पडताळणीचा पिन लावून ठेवला असेल, तर मालकाला सात दिवस थांबावे लागते, पण त्या काळात चोरालाही ते खाते वापरता येत नाही. दुसरी वाट शांत आहे. तिच्यात मालकाचे व्हॉट्सअ‍ॅप पूर्ववत चालू राहते आणि चोर केवळ जोडलेले उपकरण म्हणून शेजारी बसून सारे संभाषण वाचतो. डिसेंबर २०२५ मध्ये भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने ज्या ‘घोस्टपेअरिंग’विषयी सावध केले, तो याच वाटेचा प्रकार: ओळखीच्या क्रमांकावरून ‘हा फोटो बघ’ असा दुवा येतो, तो उघडल्यावर मोबाइल क्रमांक विचारणारे पान दिसते, आणि तिथे सांगितलेला कोड व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टाकताच चोराचा ब्राउझर जोडला जातो. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमधील ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ या यादीत तो दिसतो आणि तिथूनच काढता येतो. ही यादी पाहायला अर्धे मिनिट लागते आणि शंका नसतानाही ती अधूनमधून पाहण्याजोगी आहे.

नोंदणी कोड हस्तगत करण्यासाठी कॉल वळवण्याची युक्तीही वापरली जाते. कुरिअर अडकल्याचे कारण सांगून *४०१* आणि त्यापुढे एक दहा अंकी क्रमांक डायल करायला लावला जातो, तसे करताच येणारे सर्व कॉल त्या क्रमांकाकडे वळतात, आणि कॉलवरून सांगितला जाणारा व्हॉट्सअ‍ॅपचा कोड चोराला ऐकू जातो. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा सांकेतिक डायलिंगने कॉल वळवण्याची सोय स्थगित करण्याचा आदेश कंपन्यांना दिला होता. तरीही *#२१# डायल करून आपले कॉल कुठे वळवले आहेत का ते पाहणे आणि ##००२# ने सर्व वळणे रद्द करणे हे शंका आलेल्या प्रत्येकाने करावे.

ग्रामीण भागात फोन बाधित होण्याचे सर्वात मोठे कारण मात्र एपीके फाइल हे आहे. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल; अधिकृत प्ले स्टोअर टाळून ती थेट गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात येते, आणि तिचे नाव पीएम किसान, वाहनाचा दंड किंवा लग्नाची पत्रिका असे असते. वर्षाला ६,००० रुपये देणाऱ्या पीएम किसानचा हप्ता का अडकला, हे पाहण्यासाठी कोणी शेतकरी ती उघडतो यात त्याच्या भोळेपणापेक्षा त्याची गरज अधिक असते, आणि चोर त्या गरजेवरच नेम धरतो. असे अ‍ॅप एसएमएस वाचण्याची परवानगी मिळवून ओटीपी बाहेर पाठवते आणि तीच फाइल शेतकऱ्याच्या नावाने इतर गटांत टाकते. ती उघडली गेली असल्यास इंटरनेट तत्काळ बंद करावे, बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवावे, आणि त्या फोनमधील आवश्यक छायाचित्रे व क्रमांक सुरक्षित करून तो कारखान्यातून आल्यासारखा पूर्ण रिकामा करून घ्यावा. नुसते अ‍ॅप काढून टाकण्यावर विसंबू नये, कारण अशी अ‍ॅप आपले चिन्ह लपवून बसतात.

पैसे परत मिळण्याच्या प्रश्नात भारतीय रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक हा ग्राहकाचा मुख्य आधार आहे, आणि १४ डिसेंबर २०१७ रोजी तशाच तरतुदी सहकारी बँकांनाही लागू झाल्या, ही गोष्ट सहकारी बँकांच्या जाळ्यावर चालणाऱ्या सोलापूर जिल्ह्यासाठी महत्त्वाची आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर कोणताही भार येत नाही. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, दोष व्यवस्थेत अन्यत्र आहे, अशा वेळी बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास भार शून्य राहतो. चार ते सात दिवसांत कळवल्यास मूलभूत बचत खात्यासाठी प्रत्येक व्यवहारामागे कमाल ५,००० आणि इतर बचत खात्यांसाठी १०,००० रुपयांपर्यंतचा भार ग्राहकावर येतो. त्यानंतर मात्र सारे त्या बँकेच्या धोरणावर जाते. ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा पासवर्ड सांगितला असेल, तर कळवण्यापूर्वीचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतर झालेले प्रत्येक नुकसान बँकेचे. म्हणजे ज्याच्या हातून चूक झाली आहे, त्यानेही खजील होऊन गप्प न बसता त्याच मिनिटाला कळवण्यात त्याचा कायदेशीर लाभ आहे. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लेखी मिळवावी, कारण पुढे सारा वाद त्या वेळेभोवती फिरतो.

महाराष्ट्रातील दोन प्रकरणे हा फरक नेमका दाखवतात. पुण्यातील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका उद्योगाच्या पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून ८० लाखांहून अधिक रक्कम गेली होती. बनावट ई-मेलला उत्तर देऊन तपशील कळवण्याची चूक तक्रारदाराकडून झाली होती, आणि तरीही २०१३ मध्ये राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांनी न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने, बँकेच्या तपासणीतील उणिवांकडे बोट दाखवून, ४५ लाख रुपये देण्याचा आदेश बँकेला दिला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खालील हा अधिकारी ५ कोटी रुपयांपर्यंतचे भरपाईचे दावे ऐकू शकतो, ही सोय सामान्य नागरिकांना क्वचितच माहीत असते. दुसऱ्या प्रकरणात, ऑक्टोबर २०२१ मध्ये बँक ऑफ बडोदातील एका कंपनीच्या खात्याला तिच्या नकळत नवे लाभार्थी जोडले जाऊन ७६ लाख ९० हजार रुपये गेले. कंपनीने लगोलग तक्रार केली होती आणि तिचा निष्काळजीपणा दिसून आला नाही, म्हणून जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ च्या परिपत्रकाच्या आधारे पूर्ण रक्कम व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. एकाच स्वरूपाच्या चोरीत एकाला निम्म्याहून थोडे अधिक आणि दुसऱ्याला सारे मिळाले, यामागे चोरीच्या आधीचे आणि लगेच नंतरचे खातेधारकाचे वर्तन होते.

पोलिसांकडे जाण्याबाबत तालुक्याच्या पातळीवर संकोच आणि गैरसमज दोन्ही आहेत. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या नोंदवता येते. अक्कलकोटच्या उत्तर किंवा दक्षिण पोलीस ठाण्यातही देता येते, आणि हद्दीचे कारण पुढे करून ती नाकारता येत नाही, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती, गुन्हा कोठेही घडला असला तरी, कोणत्याही ठाण्यात देता येते. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिली असल्यास तीन दिवसांत सही करावी लागते. सीमाभागातील माणसाला, ज्याची शेती एका राज्यात आणि बँक दुसऱ्या राज्यात असू शकते, ही तरतूद मोलाची आहे. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क खाली गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. समाजमाध्यम कंपनी दाद देत नसेल, तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे विनाशुल्क ऑनलाइन अपील करता येते.

आत शिरलेला माणूस दूरचा चोर नसून घरातला किंवा ओळखीचा असण्याची शक्यता मात्र फार थोडे लोक बोलून दाखवतात. पतीने पत्नीच्या फोनचे व्हॉट्सअ‍ॅप आपल्या संगणकावर जोडून ठेवणे, भागीदारी मोडल्यावरही जुन्या भागीदाराकडे लॉजच्या ई-मेलचा पासवर्ड राहणे, नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या फोनवर दुकानाचे खाते चालू असणे, हे प्रकार कोणत्याही बाजारपेठेच्या गावात घडतात. अशा वेळी क्रमही बदलतो. जिला त्या माणसापासून धोका आहे अशा स्त्रीने त्याचे उपकरण तडकाफडकी बाहेर काढले, तर त्याला ते लगेच कळते आणि त्याचा राग तिच्यावर निघू शकतो. म्हणून आधी विश्वासू व्यक्तीला सांगणे, पुरावा जपणे आणि सुरक्षित जागेची सोय पाहणे हे पासवर्डच्या आधी येते, आणि मदतीसाठीचा शोध किंवा फोन त्याच्या नजरेखाली नसलेल्या फोनवरूनच व्हावा. सेवा केंद्रात काढलेल्या ई-मेलचा प्रश्न त्यामानाने सोपा असून तो केंद्रचालकाच्या समक्षच मिटवता येतो: तिथेच बसून पुनर्प्राप्तीचा क्रमांक स्वतःचा करून घ्यावा, नवा पासवर्ड स्वतःच्या हाताने टाकावा आणि केंद्रातील संगणक उपकरणांच्या यादीतून काढावा.

वादळ शमल्यानंतरही काही महिने तीन नोंदींवर लक्ष ठेवावे लागते. ज्याच्या हाती आधार आणि पॅनची छायाचित्रे लागली आहेत, तो खाते सुटल्यावरही त्यांचा वापर करू शकतो. त्यामुळे आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर गेल्या सहा महिन्यांत आपला आधार क्रमांक कुठे पडताळला गेला हे पाहावे आणि अंगठ्याच्या ठशावर पैसे काढण्याची सोय वापरात नसल्यास बायोमेट्रिक कुलूपबंद करावे. संचार साथी या पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते दिसते आणि अनोळखी जोडणी तिथूनच कळवता येते. आपल्या नावावर कोणी कर्ज उचलले आहे काय, हे समजण्यासाठी प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यात परके कर्ज आढळल्यास पोलीस तक्रारीची प्रत जोडून दुरुस्ती मागावी, आणि ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मागण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ पासून ग्राहकाला दिलेला आहे.